डोंगरी शिकारीची हलकी रायफल

चढणीच्या मुलखात दिवसभर खांद्यावर वागवता यावी अशा बेताने घडवलेली, बहुधा बोल्टची शिकारी रायफल. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसे वगळता तिचे वजन साधारण २.३ ते ३ किलो भरते. नेहमीची शिकारी रायफल ३.४ ते ३.६ किलोंची असते. फरक जेमतेम पाऊण किलोचा, पण हजार मीटर चढून गेलेल्या माणसाला तो चांगलाच जाणवतो. उलट टोकाचे उदाहरण कोल्हापूरचे आहे. स्वप्नील कुसाळे याने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातली रायफल नियमाप्रमाणे ८ किलोंपर्यंत असू शकते. तिथे वजन हे स्थैर्य असते, कारण ती डोंगरावर न्यायची नसते. डोंगरी रायफलीची निवड म्हणजे या दोन गरजांमधली तडजोड. ती कुठे आणि किती करायची, हे ठरवण्यात सगळे कौशल्य आहे.

या तडजोडीची खरी परीक्षा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, सदर्न आल्प्समध्ये होते. त्या देशात वटवाघळे सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. आज शिकार होते ती सारी बाहेरून आणलेल्या जनावरांची. तांबडे हरीण १८५१पासून येत गेले. हिमालयी ताहर १९०४मध्ये इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ बेडफर्डच्या कळपातून आला आणि माउंट कुकच्या पायथ्याशी सोडला गेला. शॅमॉय हा युरोपीय आल्प्समधला कड्यांवरचा चपळ प्राणी १९०७मध्ये ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ जोसेफ याने भेट म्हणून पाठवला. जवळच्या एका हिमनदीला त्याचे नाव त्याआधीच मिळालेले होते. नैसर्गिक शत्रू नसल्याने ही जनावरे बेसुमार वाढली आणि उंचावरची नाजूक वनस्पती फस्त करू लागली. १९९३च्या नियंत्रण योजनेने ताहरांची कमाल संख्या दहा हजार ठरवली. म्हणजे हिमालयात ज्याच्या अस्तित्वाची काळजी वाहावी लागते, तोच प्राणी इथे कमी करावा लागतो.

शिकाऱ्याला एकाच सहलीत यांपैकी काहीही समोर येऊ शकते. सकाळी दाट बीच वृक्षांच्या रानात चाळीस मीटरवर हरीण, दुपारी उघड्या कातळावर तीनशे मीटरवर ताहर. शॅमॉय तीस-पस्तीस किलोंचा असतो, ताहराचा नर सहज सत्तरच्या वर जातो आणि तांबड्या हरणाचा पुरता वाढलेला नर त्याच्याही दुप्पट भरू शकतो. या सगळ्यांसाठी पाठीवर रायफल मात्र एकच.

हलक्या रायफलीची कल्पना नवी नाही. ऑस्ट्रियातल्या श्टायर गावी १९०३मध्ये सुरू झालेली मानलिखर-शोनाउअर ही ६.५ मिमी व्यासाची छोटेखानी रायफल आल्प्सच्या शिकाऱ्यांची आवडती होती. तिचा लाकडी दस्ता नळीच्या टोकापर्यंत जाई. भारतात जिम कॉर्बेट यांची .२७५ रिग्बी त्याच कुळातली म्हणता येईल. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७मध्ये मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी ती त्यांना भेट दिली आणि तसे लिहिलेली पट्टी तिच्या दस्त्यावर बसवली. .२७५ हे नाव ब्रिटिश असले तरी काडतूस जर्मन, १८९०च्या दशकातले ७ बाय ५७ माउझर. कुमाऊंच्या चढउतारांवर मैलोन्‌मैल पायी हिंडणाऱ्या कॉर्बेट यांना हलके आणि नेमके हत्यार का भावले असेल, हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेत विंचेस्टर कंपनीने १९५२मध्ये मॉडेल ७०ची ‘फेदरवेट’ आवृत्ती आणली. १९८०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्ज यांनी केव्हलार व ग्रॅफाइटचे दस्ते वापरून वजन सव्वादोन किलोंच्या आसपास आणले. आज न्यूझीलंडच्या डोंगरांत फिनलंडची टिका टी३एक्स लाइट वरचेवर दिसते. तिचे वजन २.९ किलोंच्या आसपास असते. ती हलक्यांतली सर्वांत हलकी नव्हे, पण तिच्या लोकप्रियतेचे एक कारण नेमके तेच आहे.

वजन घटवायच्या जागा ठरलेल्या आहेत. अक्रोडाच्या लाकडाऐवजी कार्बन तंतूंचा दस्ता घातला की वजन उतरते, शिवाय पावसात दस्ता फुगून नळीला टेकत नाही. नळी बारीक आणि आखूड केली की आणखी उतरते. आखूड नळीत गोळीचा वेग इंचामागे सेकंदाला सुमारे आठ मीटरने कमी होतो. हा तोटा सोसण्यासारखा आहे. बारीक नळी मात्र चटकन तापते, आणि तापली की गोळ्या इकडेतिकडे पडू लागतात. म्हणून अशी रायफल तपासताना लागोपाठ दहा बार काढून काही कळत नाही. थंड नळीतला पहिला बार कुठे लागतो ते पाहावे, नळी गार होऊ द्यावी आणि मग दुसरा काढावा. डोंगरावर शिकाऱ्याच्या हाती बहुधा तो पहिला बारच असतो.

हलकेपणाची किंमत खांदा देतो. काडतूस तेच ठेवून दुर्बिणीसह चार किलोंची रायफल तीन किलोंवर आणली, तर मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. तीच रायफल .३०० विंचेस्टर मॅग्नमसारख्या दांडग्या काडतुसाची घेतली तर धक्का ७ मिमी-०८ या मधल्या ताकदीच्या काडतुसाच्या दुपटीहून अधिक होतो. त्याचा परिणाम खांद्यापेक्षा मनावर जास्त होतो. चाप दाबायच्या क्षणी डोळे मिटतात, मनगट आखडते आणि बार चुकतो. जनावर जायबंदी होऊन कड्यांत नाहीसे होते. मोठे काडतूस हाताच्या चुका झाकते हा समज शिकारीच्या जगात फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. धक्क्याला भिऊन केलेल्या नेमाला कुठलेही मॅग्नम सुधारत नाही.

म्हणून हलक्या रायफलीसाठी मधल्या ताकदीची काडतुसे उत्तम. .३०८ विंचेस्टर (१९५२), ७ मिमी-०८ रेमिंग्टन (१९८०) आणि ६.५ क्रीडमोर (२००७) ही तिन्ही आखूड बांध्याची आहेत. त्यांना बोल्टची आखूड यंत्रणा पुरते आणि तिथेही काही ग्रॅम वाचतात. .२४३ विंचेस्टरचा धक्का याहून सौम्य असतो. शॅमॉयला ते पुरेसे आहे, पण मोठ्या हरणाच्या बाबतीत त्यात चुकीला जागा उरत नाही. नाना प्रकारच्या जनावरांसाठी एकच पर्याय सुचवायचा तर १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅमची गोळी वापरणारे ७ मिमी-०८ घ्यावे. रिग्बीच्या .२७५ची गोळीही याच व्यासाची आणि याच वजनाची होती. शतकभराच्या संशोधनाने काडतुसाची लांबी कमी झाली, गोळीचे माप फारसे हलले नाही.

गोळीची बांधणी मात्र पार बदलली. तांब्याच्या पातळ वेष्टनातली शिशाची साधी गोळी हाडावर आपटली तर वरच फुटते आणि आत पोचत नाही. जॉन नॉस्लर यांना १९४६मध्ये ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर हाच अनुभव आला. त्यातून त्यांनी मध्ये आडवी भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. तिचा पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून खोल जातो. आता निखळ तांब्याच्या गोळ्याही सर्रास मिळतात. मांसात शिशाचे कण राहत नाहीत आणि मागे टाकलेली आतडी खाणारे पक्षी वाचतात. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडांच्या मृत्यूंचा धडा घेऊन १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी घातली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि काही नळ्यांच्या आट्यांना ती मानवत नाही. अशा वेळी थोडी कमी वजनाची गोळी घ्यावी. लहान जनावरासाठी एक आणि मोठ्यासाठी दुसरी अशी दोन तऱ्हेची काडतुसे खिशात ठेवण्याचा मोह टाळलेला बरा. दोन्ही गोळ्या एकाच जागी लागत नाहीत, आणि घाईत कुठले काडतूस आत गेले याचे भान राहत नाही.

दुर्बीण निवडताना वाचवलेले वजन परत घालवण्याची चूक सर्रास होते. पाऊण किलो वाचवण्यासाठी भरपूर पैसे मोजून घेतलेल्या रायफलीवर किलोभराची ५-२५ पट दुर्बीण चढवली की सगळे मुसळ केरात. ती वरजड झालेली रायफल हातात डुलते ते वेगळेच. ३-९ बाय ४० किंवा २.५-८ बाय ३६ मापाची, साडेतीनशे ग्रॅमच्या आसपासची दुर्बीण रानातही चालते आणि कड्यावरही. भिंगाचा व्यास भागिले पट म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास. चाळीस मिमीचे भिंग नऊ पटीवर ४.४ मिमीचा झोत देते. सांजावताना डोळ्याची बाहुली त्याहून मोठी होते आणि चित्र अंधारते. अशा वेळी पट सहावर आणली की तेच चित्र उजळते. डोळा आणि काच यांच्यात निदान नऊ सेंटिमीटर अंतर हवे, नाहीतर हलक्या रायफलीच्या धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर अर्धचंद्र कोरते.

उतारावरचा नेम हा वेगळाच अभ्यास आहे. शिकारी पाठपिशवी दगडावर ठेवतो, तिच्यावर दस्त्याचा पुढचा भाग टेकवतो आणि पालथा पडतो. चढून आल्याने छाती भात्यासारखी हलत असते. दुर्बिणीतली फुली प्रत्येक ठोक्याला जनावरावरून सरकते. जड रायफल हा थरार थोडा गिळते, हलकी गिळत नाही. श्वास खाली बसेपर्यंत थांबणे एवढाच उपाय. मग कोनाचा प्रश्न येतो. तीस अंशांच्या उतारावर तीनशे मीटर दूर असलेल्या ताहरासाठी गोळीचा पात मोजायचा तो तीनशे मीटरचा नव्हे, आडव्या अंतराचा, म्हणजे सुमारे २६० मीटरचा. हे विसरणाऱ्याची गोळी पाठीवरून निघून जाते. दोनशे मीटरवर नेम बांधलेल्या .३०८ची गोळी तीनशेवर २० ते २५ सेंटिमीटर खाली येते, आणि ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला जवळपास तेवढीच बाजूला ढकलतो. शॅमॉयच्या छातीचा मर्मभाग पंधरा-वीस सेंटिमीटरचा. म्हणूनच आणखी शंभर मीटर सरपटत जवळ जाणारा शिकारी महागड्या दुर्बिणीवाल्यापेक्षा जनावराशी अधिक प्रामाणिक वागतो.

रायफलीवरच्या दुर्बिणीतून रान न्याहाळणे हा अक्षम्य गुन्हा समजावा. झुडपाआडची तांबूस हालचाल माणसाची निघाली तर नळी त्याच्यावर रोखलेली असते. न्यूझीलंडच्या सुरक्षा नियमांत लक्ष्य निःसंशय ओळखण्याचा नियम आहे, आणि हरणांच्या माजाच्या काळात, मार्च-एप्रिलमध्ये, रानात शिकाऱ्यांची गर्दी होते तेव्हा त्याचे मोल प्राणाइतके असते. न्याहाळायला गळ्यात वेगळी दुर्बीण हवीच. तिचे वजन वाचवू नये. न्यूझीलंडमध्ये रायफल बाळगायला परवाना लागतो. २०१९च्या क्राइस्टचर्च हल्ल्यानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर बंदी आली, पण बोल्टच्या डोंगरी रायफलीवर तिचा परिणाम झाला नाही.

भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची दुरुस्ती यांमुळे छंदाची शिकार बंद आहे. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या आणि रोहींच्या बाबतीत वन विभाग परवानगी देऊ शकतो. तो शेतीरक्षणाचा भाग आहे, शिकारीचा नाही. डोंगरी रायफलीशी मराठी माणसाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो परदेशात स्थायिक झाल्यावरच.

ताहर पडल्यानंतरचे काम निम्म्याहून अधिक असते. कड्यावरच हाडे सोडवून मांस पिशवीत भरले जाते, आणि छंदाने मारलेल्या जनावराचे मांस न्यूझीलंडमध्ये विकता येत नसल्याने ते घरी आणि शेजारी वाटले जाते. वीस-पंचवीस किलोंचा बोजा पाठीवर, गुडघ्यांत कंप, पायाखाली सुटे दगड, आणि तंबू अजून तीन तास खाली. त्या उतरणीवर शिकारी रायफल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतो, तेव्हा तिचे अर्धा-पाऊण किलो कमी वजन त्याच्या कामी येते.