वेताळकथांतील नायिका आणि डाकिणीचा आरोप

कुमारवयांतील मुलींना भुताखेतांच्या गोष्टींची फार गोडी असते, ही तक्रार नवी नाहीं. पूर्वीं ती आजीच्या गोष्टींविषयीं होत असे. हल्लीं ती इंग्रजी कादंबऱ्यांविषयीं होते. स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची ‘ट्वायलाइट’ ही कादंबरी २००५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि २००८ पर्यंत त्या मालेंतील आणखी तीन भाग निघाले. तेव्हांपासून रक्तपिपासु पिशाच आणि त्याजवर अनुरक्त झालेली सतरा वर्षांची मुलगी ही जोडी आमच्या सुशिक्षित घरांतहि परिचयाची झाली आहे. अशा पुस्तकांनीं मुली बिघडतात कीं काय, या वादांत आम्ही शिरत नाहीं. आम्हांस विचारावयाचें आहे तें निराळें. भीतीच्या या कथांत नायिकेच्या वांट्यास काय येतें, आणि तिच्याविषयीं निर्णय कोण देतो? हा प्रश्न केवळ वाङ्मयाचा नाहीं, हें आमच्या विदर्भांतील चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यप्रदेशाकडे पाहिलें म्हणजे कळून येईल. परंतु तेथपर्यंत जाण्यापूर्वीं थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

आरंभ विदर्भापासूनच करतां येतो. आठव्या शतकांतील महाकवि भवभूति हा पद्मपूरचा. आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या मतें हें गांव म्हणजे आमगांवाजवळचें, आजच्या गोंदिया जिल्ह्यांतील, पद्मपूर होय. त्याच्या ‘मालतीमाधव’ नाटकाचा पांचवा अंक स्मशानांत घडतो. विदर्भांतील कुंडिनपूरच्या अमात्याचा पुत्र माधव हा निराश होऊन पिशाचांस नरमांस विकण्याकरितां तेथें आला आहे. त्याच वेळीं अघोरघंट नांवाचा कापालिक मालतीस चामुंडेपुढें बळी देण्याच्या बेतांत असतो. माधव तिला सोडवितो. मालती सुशील आहे, प्रेमळ आहे. परंतु तिच्या आयुष्याचा प्रत्येक निर्णय परक्या हातीं. राजा तिला आपल्या मर्जींतल्या नंदनास देऊं पाहतो, कापालिक देवीस देऊं पाहतो, आणि बापास राजापुढें ‘नाहीं’ म्हणवत नाहीं. कर्तृत्व दिसतें तें इतर स्त्रियांत. कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका सारी मसलत रचते. कपालकुंडला गुरूच्या वधाचा सूड म्हणून मालतीस पळविते. सौदामिनी तिला वांचविते. या शेवटच्या दोघींची विद्या जवळजवळ एकच आहे. एक ती मारण्यास वापरते, दुसरी तारण्यास. म्हणजे बाराशें वर्षांपूर्वींच वांटणी ठरून गेली होती: तरुण नायिका ही हिरावून नेण्याची वस्तु, आणि जिला विद्या येते ती स्त्री भयंकर किंवा अद्भुत.

वेताळाच्या पंचवीस कथा याहून खोल जातात. अकराव्या शतकांत काश्मीरच्या सोमदेवानें त्या ‘कथासरित्सागरां’त घेतल्या, मराठींत सदाशिव काशीनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० सालची, आणि रिचर्ड बर्टन यानें १८७० सालीं केलेल्या इंग्रजी रूपांतराच्या नांवांतच वेताळाचा ‘व्हँपायर’ करून टाकला. वस्तुतः हा वेताळ रक्तासाठीं कोणाच्या मागें लागत नाहीं. तो प्रेतांत शिरतो, आणि राजाला प्रश्न विचारतो.

त्याची पहिलीच गोष्ट आमच्या विषयाची आहे. सोमदेवाच्या पाठांत पद्मावती ही कलिंग देशांतील एका हस्तिदंताच्या कारागिराची मुलगी. सरोवराच्या कांठीं दिसलेल्या राजपुत्रास ती आपलें नांव, गांव व मनोगत कमळाच्या खुणांनीं कळविते. राजपुत्रास त्यांतलें कांहींच उमगत नाहीं, त्याचा मित्र प्रधानपुत्र सगळें उलगडून सांगतो. पुढें या चतुर मित्रास ती विष घालूं पाहते. तो वांचतो, आणि एक डाव रचतो. त्याच्या सांगण्यावरून राजपुत्र ती झोंपली असतां तिच्या अंगावर त्रिशूलाचा डाग उमटवितो व तिचा हार चोरून आणतो. मग प्रधानपुत्र स्मशानांत तपस्वी होऊन बसतो, आणि ‘हार मला डाकिणींच्या मेळ्यांत सांपडला, त्यांतल्या एकीस मीं त्रिशूलानें डागलें आहे’ अशी कहाणी राजा कर्णोत्पल याच्या कानीं घालतो. डाग सांपडतो. नुकत्याच मरण पावलेल्या राजाच्या मुलाचा घात हिनेंच केला असें ठरतें, आणि पद्मावतीस रानांत हांकून देण्यांत येतें. तेथून राजपुत्र व त्याचा मित्र तिला आपल्या देशीं घेऊन जातात. पण इकडे मुलगी श्वापदांनीं खाल्ली असें समजून बाप शोकानें मरतो व आई त्याच्यामागें जाते.

वेताळ विचारतो, या दोन मृत्यूंचें पाप कोणाचें? आमच्यापैकीं पुष्कळजण प्रधानपुत्राकडे बोट दाखवितील, कोणी पद्मावतीकडेहि. राजाचें उत्तर वेगळें आहे. पाप कर्णोत्पलाचें, कारण राजा असून त्यानें चौकशी केली नाहीं, हेर पाठविले नाहींत, एक डाग पाहून शिक्षा दिली. हजार वर्षांपूर्वींचा हा निवाडा आम्हांस या सर्व वाङ्मयांतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. पद्मावती साधी, निष्पाप मुलगी नव्हे. तिनें विष घातलेंच होतें. तरीहि ती डाकीण नव्हती, आणि तें ठरविण्याचें काम ज्याचें होतें त्यानें तें केलें नाहीं.

युरोपांत हें काम एका राणीनें केलें. अठराव्या शतकांत तिकडे रक्तपिपासु मृतांची भीति इतकी पसरली कीं लोक प्रेतें उकरून जाळीत. १७५५ सालीं ऑस्ट्रियाच्या राज्यांत एका स्त्रीच्या प्रेताची अशीच विटंबना झाली. महाराणी मारिया तेरेसा हिनें चौकशी करविली. तिचा वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यानें, प्रेतांवर दिसणाऱ्या चिन्हांना नैसर्गिक कारणें असतात असा अभिप्राय दिला, आणि राणीनें हे प्रकार हुकूम काढून बंद केले. पिशाच अशा रीतीनें कायद्यांतून गेलें, तें कादंबरींत येऊन राहिलें. शेरिडन लेफानू याच्या ‘कार्मिला’ (१८७२) या कथेंत रक्त पिणारी स्वतःच एक तरुण मुलगी आहे, आणि तिचा शेवट खुंटी ठोकून व शिर तोडून होतो. ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) मध्यें लूसीची तीच गत. त्याच पुस्तकांतील मीना मात्र लघुलेखन जाणते, टंकयंत्र चालविते, सर्वांच्या रोजनिशा तारीखवार लावून शत्रूचा माग काढण्यास साह्य करते. पुढें तिच्या रक्षणाच्या भावनेनें पुरुष तिला मसलतींतून वगळतात. आणि नेमका त्याच वेळीं ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोंचतो.

‘ट्वायलाइट’मधील बेला या परंपरेंत बसते. तिची बाजू न्यायानें पाहिली पाहिजे. कथा तिच्याच तोंडून येते. तिला काय हवें तें ती स्पष्ट सांगते, आणि अखेरीस आपल्या माणसांचें रक्षण करण्याची शक्ति तिच्याच अंगीं येते. परंतु तिला न विचारतां एडवर्ड रात्रीं तिच्या खोलींत येऊन ती झोंपलेली पाहत बसतो, आणि हें प्रेमाचें लक्षण म्हणून सांगितलें जातें. पद्मावती झोंपली असतां तिच्या अंगावर डाग उमटला होता, हें आठवणाऱ्या वाचकास तेथें थोडें थांबावेंसें वाटेल.

आतां आमच्या प्रदेशाकडे वळूं. कादंबरींतलें पिशाच देखणें, श्रीमंत व तरुण असतें. खेड्यांतला आरोप मात्र ज्यांच्या पाठीशीं कोणी उभें राहणार नाहीं अशांना हुडकतो. ऑगस्ट २०२१ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत, वणी खुर्द येथें, भानामतीच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यांत वृद्ध स्त्रियाहि होत्या, आणि हीं कुटुंबें दलित होतीं. मे २०२४ मध्यें गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्यांत, बारसेवाडा येथें, जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीस व एका पुरुषास मारहाण करून जाळून ठार करण्यांत आलें. ज्या चंद्रपुरांत महाकालीच्या चैत्र यात्रेस दूरदूरचे लोक येऊन देवीच्या उग्र रूपापुढें मस्तक नमवितात, त्याच जिल्ह्यांत म्हाताऱ्या बायकांवर असा प्रसंग आला. हें रानांतल्या अडाण्यांचें काम म्हणून शहरांतल्यांनीं नाक मुरडूं नये. कर्णोत्पल अडाणी नव्हता. त्याच्याजवळ हेर होते, त्यानें ते पाठविले नाहींत इतकेंच.

आज तें काम कायद्याकडे आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं खून झाल्यावर त्याच महिन्यांत वटहुकूम निघाला, व डिसेंबरांत विधिमंडळानें जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. अमुक व्यक्ति करणी करते असें पसरविणें, हाहि त्यांत गुन्हा आहे. म्हणजे प्रधानपुत्राचा डाव आतां गुन्हा ठरला. पण गुन्ह्याची खबर मिळण्यापूर्वीं गर्दी जमते. आणि गर्दींतल्या प्रत्येकाच्या मनांत ती गोष्ट आधींच ऐकलेली असते.

म्हणूनच गोष्टी कोणत्या सांगितल्या जातात यास महत्त्व आहे. मुलींच्या हातून कादंबरी काढून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. ती वाचून झाल्यावर वेताळाची ही पहिली कथा त्यांना, आणि मुलांनाहि, सांगावी. शेवटीं राजाचें उत्तर लगेच देऊं नये. पाप कोणाचें, हें आधीं त्यांना विचारावें, आणि डाग पाहिल्यावर काय काय तपासावयास हवें होतें तें त्यांच्याच तोंडून येऊं द्यावें.