केर काढणाऱ्याचं खानदान

गेल्या महिन्यात पुण्याहून मुलीचा फोन आला. ‘‘अब्बा, अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता वाकून झाडणं बंद. मावशींचे खाडेही वाढलेत. मी तुम्हाला केर काढणारा रोबो पाठवते. कोणता हवा तेवढं सांगा. लेझरवाला, कॅमेरावाला, की नुसता धडकत फिरणारा? पुसणारा हवा का? आणि किती पास्कलचा?’’ मग जरा थांबून ती म्हणाली, ‘‘मावशींनाही सांगून टाका.’’

पास्कल हे शाळेच्या पुस्तकात भेटलेले फ्रेंच गृहस्थ. ते आमच्या दिवाणाखाली येऊन काय करणार, मला कळेना. हवेचा दाब मोजण्याच्या एककाला त्यांचं नाव आहे आणि या यंत्रांची ओढ त्यात सांगतात, हे मागाहून समजलं. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. पण मुलीसाठी स्थळ पाहताना आमच्याकडे पगाराच्या आधी खानदान विचारतात. म्हटलं, हा घरात राहायला येणार, तर याचंही खानदान पाहून घेऊ.

मूळपुरुष सापडला लंडनमध्ये. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनीअरनं धूळ साफ करणारं एक यंत्र पाहिलं. ते धुळीवर हवेचा झोत मारायचं. धूळ उडायची आणि थोड्या वेळानं होती तिथंच येऊन बसायची. बूथच्या मनात आलं, हवा फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? एका हॉटेलात त्यानं खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव कासावीस झाला, पण रुमालाच्या खालच्या अंगाला धुळीचा काळा ठसा उमटला होता. पुढची सव्वाशे वर्षं त्या ठशातून निघाली.

बूथचं यंत्र घरात मावणारं नव्हतं. घोडागाडीवर इंजिन, ते रस्त्यात उभं, आणि खिडकीतून आत सोडलेल्या लांबच लांब नळ्या. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे याच यंत्रानं साफ झाले. बड्या घरांत डॉक्टरला बोलवावं तसं यंत्राला बोलावणं जाऊ लागलं. थोडक्यात, या घराण्याची सुरुवात गालिच्यांपासून आणि राजापासून झाली.

मला जवळचा वाटतो तो दुसरा पूर्वज. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ छातीत जायची आणि रात्र खोकण्यात जायची. नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. १९०७ साली त्यानं पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्या सामानातून स्वतःसाठी एक यंत्र जुळवलं. मोटर धूळ ओढायची आणि ती अभ्र्यात साठायची. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. हे यंत्र सूझन हूवर नावाच्या ओळखीतल्या बाईंना आवडलं. त्यांच्या नवऱ्याचा घोड्यांच्या साजाचा, चामड्याच्या वस्तूंचा धंदा होता आणि रस्त्यावर मोटारी येऊ लागल्या होत्या. त्यांनी स्पँग्लरचं पेटंट घेतलं. १९१५ साली स्पँग्लर वारला. आपल्याकडे ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणतात तसं इंग्लंडात व्हॅक्यूम फिरवण्याला ‘हूवर करणं’ म्हणतात. स्पँग्लरचं क्रियापद कुणी केलं नाही.

तरी झाडणाऱ्या माणसानं, झाडणाऱ्याच्या छातीसाठी केलेलं यंत्र म्हणून मला ते मोठं वाटतं. बूथला धुळीचं कुतूहल होतं, स्पँग्लरला धुळीची बाधा होती.

आपल्याकडे हे यंत्र घरोघर दिसू लागलं ते १९८२ साली यूरेका फोर्ब्ज कंपनी निघाल्यावर. टाय लावलेली तरुण पोरं दारोदार फिरायची. आमच्या तालुक्याच्या गावीही एकदा असा मुलगा आला. त्यानं अम्माच्या गादीवर यंत्र फिरवलं, पांढऱ्या फडक्यावर निघालेली धूळ दाखवली आणि तिच्या स्वच्छतेच्या अभिमानाला चांगलाच धक्का दिला. अम्मानं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, ‘‘बेटा, मशीन अच्छी है, पण गालिचा कुठंय आमच्याकडे?’’ तिचं बरोबर होतं. आपली जमीन शेणानं सारवलेली, नाहीतर शहाबादी फरशीची. तिला आधी झाडावं लागतं आणि मग ओल्या फडक्यानं पुसावं लागतं. घरात मऊ केरसुणी, अंगणात खराटा, चुलीपुढं कुंचा, अशी आपली हत्यारंच निराळी.

ती केरसुणी अम्मा आठवडी बाजारात मातंग बायकांकडून घ्यायची, शिंदीच्या पानांची. शेजारच्या घरी लक्ष्मीपूजनाला तीच केरसुणी हळदकुंकू लावून पाटावर ठेवलेली असे. वर्षातून एक दिवस लक्ष्मी, बाकीचे दिवस दाराआड. ती वळणाऱ्या बायका मात्र लक्ष्मीपूजनादिवशीसुद्धा उंबऱ्याच्या बाहेरच. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून आपली पावलं पुसत चालावं लागे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या त्या न झालेल्या भाषणात लिहून ठेवलं आहे. तोच झाडू गाडगेबाबांनी आपण होऊन हाती घेतला. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. मराठी माणसाच्या घरात केर काढण्याचं यंत्र येतं तेव्हा हा इतिहासही दारात उभा असतो. इंग्लंडातल्या गालिच्याला त्याची गरज नाही.

आता ‘रोबो’ या शब्दाकडे येतो. कवीला शब्द धरल्याशिवाय राहवत नाही. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. तो सुचवला त्यांच्या भावानं, योसेफनं. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी कुळांनी सक्तीनं करायचं काम. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: वेठ. म्हणजे मुलगी मला वेठबिगारी पाठवत होती. वेठबिगार कायद्यानं बंद होऊन १९७६ पासून किती वर्षं झाली!

हा वेठबिगारी घरात आला तो स्वीडनमधून. इलेक्ट्रोलक्स कंपनीनं १९९६ साली नमुना दाखवला आणि २००१ साली ‘ट्रायलोबाइट’ बाजारात आणला. नाव समुद्रतळाशी सरपटणाऱ्या, कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या जिवाचं. तो महाग होता. सप्टेंबर २००२मध्ये अमेरिकेच्या आयरोबॉट कंपनीनं ‘रूम्बा’ १९९ डॉलरला काढला आणि तो चालला. याच कंपनीचे यंत्रमानव अफगाणिस्तानात सैनिकांबरोबर गुहा तपासत होते. पहिल्या रूम्बाकडे नकाशा नव्हता. गोल गोल फिरायचं, भिंतीला धडकलं की वळायचं, पुन्हा निघायचं. फकिरासारखा भटकत तो सगळी खोली पालथी घालायचा, काही कोपरे दोनदा, काही एकदाही नाही. २०१०च्या सुमाराला काही यंत्रांना लेझर आला. त्याची फिरती किरणं भिंतींवरून परत येतात, त्यावरून यंत्र खोलीचा आराखडा मांडतं. २०१५ साली रूम्बाला कॅमेरा बसला. आणि २०२२च्या डिसेंबरात बातमी आली, की चाचणीसाठी घरांत दिलेल्या यंत्रांनी काढलेले फोटो समाजमाध्यमांवर फुटले. त्यांत शौचकुपावर बसलेली एक बाई होती. ही चाचणीची यंत्रं संमतीनं दिलेली होती, असं कंपनीनं सांगितलं. संमती कशाची, हा प्रश्न उरतोच. डिसेंबर २०२५मध्ये त्या कंपनीनंच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची यंत्रं बनवून देणाऱ्या चिनी कंपनीच्या हाती कारभार जायचं ठरलं.

एवढं वाचून मी टेप घेऊन घर मोजायला बसलो. पास्कलचा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघाला. फरशीवरची धूळ उचलायला साधी ओढ पुरते, मोठे आकडे जाड गालिच्यांसाठी. म्हणजे बूथचा राजा अजून आपल्या मागे आहेच. लेझरच्या यंत्राला डोक्यावर टोपी असते, त्याची उंची दहा सेंटिमीटरच्या घरात. आमचा दिवाण जमिनीपासून चार बोटं, तिथं ते जाणार नाही. मधल्या खोलीत काळ्या कडप्प्याचा पट्टा आहे. यंत्र पोटाखालून प्रकाश टाकून जमीन आहे का हे पाहतं. काळ्या रंगावरून तो नीट परतत नाही, मग त्याला वाटतं पुढं कडा आहे, आणि ते थबकतं. वायरी उचलाव्या लागणार, पंख्याखाली फडफडणारी वर्तमानपत्रंही. आणि उंबरठा! अशी यंत्रं दोनेक सेंटिमीटर चढतात. आमचा सागवानी उंबरठा दोन इंच.

मुलीला सांगितलं, लेझरवाला पाठव, कॅमेरा नको, पुसणारा नको. आमच्या बोअरच्या पाण्यानं त्याच्या टाकीत क्षार धरायचे. उभ्यानं पुसायचा मॉप आम्ही आणलाय.

राहिल्या मावशी. चौदा वर्षं त्या आमच्याकडे केर-लादी-भांडी करतात. सांगायचं म्हणून त्यांना बसवलं, चहा दिला. त्या आधीच ओळखून होत्या. ‘‘त्ये गोल डबडं आणताय न्हवं? आणा. माझी दोन घरं गेली त्येच्यापायी. तिसऱ्या घरात त्येच्या बुरशातली केसं मीच काढतीया.’’

मी म्हणालो, तुमचा पगार आहे तोच राहील, केर तेवढा नको. त्या काही बोलल्या नाहीत. बशीतला चहा संपवला. मग मधल्या खोलीच्या दाराकडे बघत विचारलं, ‘‘दादा, त्ये उंबरा चढतंय का?’’

‘‘नाही चढत.’’

‘‘मग उचलून पल्याड कोण ठेवणार?’’ असं म्हणून त्या कपबशी विसळायला उठल्या.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)