हिरव्या प्रमाणपत्राची हद्द

महाविद्यालयांच्या अहवालांत ‘ग्रीन ऑडिट’ हा शब्द मला वारंवार दिसू लागला तो २०१७ नंतर. त्या वर्षी ‘नॅक’ने मूल्यांकनाची पद्धत बदलली आणि सातव्या निकषात एलईडी दिवे, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांची विचारपूस होती. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये फ्रान्समधील टालवार या गावी २२ विद्यापीठप्रमुखांनी दहा कलमांचा जाहीरनामा काढला. त्यात शासन, उद्योग आणि शाळा यांना सोबत घेण्याचा आग्रह होता. म्हणजे नजर कुंपणाबाहेर होती. पुढे प्रमाणपत्रे आली आणि मोजणी इमारतीपाशी थांबली, असे माझे मत आहे.

आमच्या भाईंदरचेच पाहा. शहराच्या नळाला येणारे बरेचसे पाणी उल्हास नदीचे. ते शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ‘स्टेम’च्या जलवाहिनीतून इथवर आणतात. गंमत अशी, की हीच उल्हास वसईची खाडी होऊन भाईंदरच्या रेल्वेपुलाखालून समुद्राला मिळते. आपण पितो ती नदी आणि सांडपाणी सोडतो ती खाडी, दोन्ही एकच!

इथल्या काही महाविद्यालयांच्या सामंजस्य करारांच्या फायली मी चाळल्या. कंपन्या होत्या, संस्था होत्या. उल्हास कुठेच नव्हती. एका प्राचार्यांना विचारले, “सर, तुमचे पाणी येते कुठून?”

“महापालिकेकडून,” ते म्हणाले.