खून केला नाही, एवढंच

आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सस्पिशन’ची (१९४१) चर्चा निघाली की ती शेवटावर येऊन अडते. जनरलची लाजाळू मुलगी लीना, जॉनी आयस्गार्थ नावाच्या देखण्या, गोडबोल्या आणि कर्जबाजारी माणसाशी घरच्यांना न सांगता लग्न करते. पुढे तिला वाटू लागतं, की हा आपला जीव घेणार. अखेरच्या काही मिनिटांत तो खुनी नसल्याचं आपल्याला सांगितलं जातं. हा शेवट आपल्या मनातला नव्हता, असं हिचकॉकनं पुढे फ्रान्स्वा त्रुफोला सांगितलं आणि ‘आरकेओ स्टुडिओनं चांगल्या चित्रपटाची माती केली’ हे मत रूढ झालं. मला ते पटत नाही. शेवट घाईघाईनं उरकलेला आहे, हे मान्य. पण जॉनी त्यात फक्त खुनाच्या आरोपातून सुटतो. बाकी सगळं त्याच्या नावावर तसंच राहतं, आणि चित्रपटातली खरी भीती त्या बाकीतच आहे.

मूळ कादंबरी अँथनी बर्कली कॉक्सची. ‘बिफोर द फॅक्ट’ ही त्यानं १९३२ मध्ये फ्रान्सिस आइल्स या टोपणनावानं लिहिली. तिच्यातला नवरा खरोखरच खुनी आहे, आणि बायको ते ओळखूनही विषाचा पेला नाकारत नाही. १९३४ पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडकपणे राबवली जात होती. तिच्या कक्षेत हे बसणं अवघड होतं. तरी सगळं खापर तिच्यावर फोडता येत नाही. हिचकॉकनं सांगितलेल्या शेवटात लीना आईला पत्र लिहून नवऱ्याचं कृत्य कळवते, विष घातलेलं दूध पिते, आणि ते पत्र जॉनीच स्वतःच्या हातानं पेटीत टाकतो. म्हणजे गुन्हेगाराला शिक्षा होणारच होती. १९४४ च्या ‘गॅसलाइट’मध्ये, तीच संहिता लागू असताना, शार्ल बॉयेनं रंगवलेला नवरा उघड गुन्हेगार ठरून पोलिसांच्या हाती लागतो. मग अडचण नवरा खुनी असण्याची नव्हती, जॉनी रंगवणारा केरी ग्रांट खुनी असण्याची होती. दुसरीकडे, हिचकॉकनं सुरुवातीलाच स्टुडिओला ही गोष्ट बायकोच्या कल्पनाविश्वाची म्हणून मांडली होती, असं त्याचा चरित्रकार डोनाल्ड स्पोटो लिहितो. ते खरं असेल तर शेवट लादल्याची तक्रार बरीच सैल पडते.

आता पडद्यावर काय सिद्ध होतं ते पाहावं. लीनाच्या वडिलांनी लग्नात दिलेल्या दोन जुन्या खुर्च्या जॉनी परस्पर विकतो. घोड्यांवर पैसे लावणार नाही म्हणतो आणि लावतो. चुलतभावाकडे नोकरी करताना दोन हजार पौंडांची अफरातफर करतो. नोकरी गेल्याचं बायकोला दुसऱ्याकडून कळतं. या पायरीवर तो प्रसिद्ध दुधाचा पेला येतो. घर अंधारलेलं, भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या सावल्या, आणि तबक घेऊन जिना चढणारा जॉनी. नजर पेल्यावरून हलू नये म्हणून हिचकॉकनं दुधात छोटा दिवा लपवला होता. लीना ते दूध पीत नाही. दुसऱ्या दिवशी कड्यालगतच्या रस्त्यावर मोटारीत झटापट होते आणि जॉनी खुलासा करतो: विषाबद्दल केलेली चौकशी स्वतःसाठी होती, आणि ज्याच्या मृत्यूवरून लीनाला संशय होता तो मित्र पॅरिसमध्ये मेला तेव्हा आपण लिव्हरपूलला होतो.

१९४१ चा प्रेक्षक हे सुखान्त म्हणूनच घेणार, त्यावर आजची नजर लादू नये, हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याचं उत्तर चित्रपटातच मिळतं. हा खुलासा एकट्या जॉनीच्या तोंडचा आहे. त्याला साक्षीदार नाही, कागद नाही, आणि हा माणूस किती सहज खोटं बोलतो हे आपण तासाभराहून अधिक काळ पाहिलेलं असतं. त्याहून बोचतं ते हे, की दोष आपलाही आहे असं लीनाच म्हणते आणि घरी परत चलण्यासाठी त्याची विनवणी करते. सगळे पुरावे हातात असलेली बायको माफी मागण्याच्या जागी जाऊन उभी राहते. लीना साकारणाऱ्या जोन फाँटेननं ही कोंडी चेहऱ्यावर इतकी पेलली, की हिचकॉकच्या चित्रपटातल्या अभिनयाला मिळालेलं एकमेव ऑस्कर तिचं आहे.

हिचकॉकनं हा धागा सोडला नाही. १९४६ च्या ‘नटोरियस’मध्ये नवरा पुन्हा बायकोवर विषप्रयोग करतो, या वेळी कॉफीतून आणि खरोखर. मात्र नवऱ्याची भूमिका क्लॉड रेन्सकडे गेली. आजारी इन्ग्रिड बर्गमनला आधार देत जिन्यावरून खाली आणणारा, तिला वाचवणारा पुरुष होता केरी ग्रांट.