घटका, प्रहर आणि सावली

बऱ्हाणपूरहून धारणीकडे जाणाऱ्या वाटेवरील देडतलाई हे गाव मध्यप्रदेशात असले, तरी वऱ्हाड आणि खानदेश हे दोन्ही प्रांत त्याचे शेजारी आहेत. घड्याळ घरोघरी येण्यापूर्वी अशा मुलखात लोकांना वेळ कळत नसे, असा समज कोणी करून घेतल्यास तो चुकीचा ठरेल. वेळ मोजण्याची साधने होतीच. ती भिंतीवर टांगलेली नव्हती, इतकेच.

मराठी शेतकऱ्याने सकाळ कोंबड्याच्या आरवण्यावरून ओळखली, झुंजुमुंजू झाल्यावर औत जुंपले आणि दिवस कासराभर वर आला की न्याहारीची वाट पाहिली. बैलांना बांधायचा दोर हेच येथे आकाश मोजण्याचे माप झाले. सावली पायाशी आली की दुपार. देडतलाई कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य तेथे नेमका माथ्यावर येतो व उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. रात्री राखणीला बसलेल्याचा आधार म्हणजे नक्षत्रे. मार्गशीर्षात सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारे मृग मध्यरात्री माथ्याजवळ येते आणि पहाटे पश्चिमेस उतरते.

ही मापे सैल होती, हे खरे. दिवसाचे चार प्रहर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मोजले जात. त्यामुळे या अक्षांशावर उन्हाळ्यातील प्रहर हिवाळ्यातील प्रहरापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक लांब होई. परंतु जेथे काटेकोरपणा हवा, तेथे तोही साधला होता. अहोरात्रीच्या ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. तळाशी बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी घंगाळातील पाण्यावर सोडली, की ती भरून बुडेपर्यंत एक घटका होई. विवाहाचा मुहूर्त या घटिकापात्रावर साधला जाई. भास्कराचार्यांच्या लीलावतीचा मुहूर्त पात्राच्या छिद्रात मोती अडकल्याने हुकला, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ‘लीलावती’चे १५८७ मध्ये फारसी भाषांतर करणाऱ्या फैजीने ती नोंदविली. हाच फैजी पुढे १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशच्या राजा अलीखानाकडे बऱ्हाणपुरास आला होता.

मुंबई-कलकत्ता लोहमार्ग १८७० मध्ये बऱ्हाणपूरच्या बाजूने पूर्ण झाला आणि मिनिटांचे राज्य सुरू झाले. सावली पाहून गाडी गाठता येत नाही. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशावरील वेळ देशाची प्रमाणवेळ ठरली. मुंबईतील अनेक घड्याळांनी मात्र ३९ मिनिटे मागे असलेली आपली जुनी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. देडतलाई त्या प्रमाणरेषेच्या सुमारे सहा अंश पश्चिमेस आहे. म्हणून तेथे घड्याळात बारा वाजतात, तेव्हा खरी मध्यान्ह व्हायची असते. हे अंतर वर्षभरात कमीअधिक होते. पण त्याची सरासरी काढली, तर ते सुमारे २४ मिनिटे भरते. गावाची वेळ आणि देशाची वेळ यांत बरोबर एका घटकेचे अंतर पडले!

या बदलात लाभ कोणाचा आणि हानी कोणाची, हे सांगणे सोपे नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबणाऱ्या मजुराला कामाचे तास मोजून मागण्याचे बळ घड्याळानेच दिले. १९४८ च्या कारखाना कायद्यातील आठवड्याच्या ४८ तासांची मर्यादा सावलीवर मोजता आली नसती. परंतु घड्याळ प्रथम आले ते स्टेशनमास्तर, साहेब आणि सावकार यांच्याकडे. सूर्य मात्र मालक आणि मजूर या दोघांनाही सारखाच दिसत होता. तो कोणाला मागे-पुढे करता येत नव्हता.

आज घंगाळे अडगळीत गेली आहेत. तरीही पाहुण्याला आपण ‘घटकाभर बसा’ असेच म्हणतो, आणि अपराध्याची ‘घटका भरली’ असेही. पाण्यात बुडणारी ती वाटी भाषेतून अद्याप बुडालेली नाही.