जीव वाचला, पण चेहरा चुगली करू लागला

आजचा प्रश्न जरा विचित्र आहे. जीव वाचवणारं औषधच तुमचा आजार चारचौघांत सांगत सुटलं, तर?

साल 1996. एचआयव्हीवर तीन औषधं एकत्र द्यायला सुरुवात झाली आणि अमेरिका-युरोपात एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. मरणाची वाट बघणारी माणसं पुन्हा कामावर जाऊ लागली. पण थोड्याच काळात काहींचे गाल आत गेले, कानशिलं खोल झाली, हातापायांच्या शिरा वर आल्या. 1998 मध्ये सिडनीच्या अँड्र्यू कार, डेव्हिड कूपर आणि त्यांच्या टीमने हे सविस्तर नोंदवलं. आधी संशय प्रोटिएज इनहिबिटर या नव्या गोळ्यांवर गेला. गाल बसण्यामागचा मुख्य दोषी मात्र जुनाच निघाला: स्टॅव्ह्युडीन, आणि काही प्रमाणात झिडोव्ह्युडीन.

हे होतं कसं? ही औषधं व्हायरसचं कॉपी-पेस्ट थांबवतात. पण आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाला स्वतःचा डीएनए कॉपी करावा लागतो, त्यातही ती अडथळा आणतात. मग त्वचेखालच्या चरबीच्या पेशी मरतात.

आता विचार करा. रिपोर्ट लपवता येतो, गोळ्या लपवता येतात. चेहरा कुठे लपवणार? ज्यांना तो चेहरा ओळखता यायचा, त्यांना न सांगताच सगळं कळायचं. लोक घराबाहेर पडायचे टाळू लागले, काहींना गोळ्याच नकोशा झाल्या. आणि गोळ्या थांबल्या की व्हायरस परत उसळतो.

इथे फिलर आला. पॉलि-एल-लॅक्टिक ॲसिड. थ्री-डी प्रिंटरवाल्यांनो, तुमचं पीएलए याच घराण्यातलं! याचे बारीक कण पाण्यात मिसळून गालात टोचतात. सुरुवातीची सूज काही दिवसांत उतरते, मग शरीर त्या कणांभोवती हळूहळू कोलॅजेन तयार करतं. कण विरघळतात, भराव बराच काळ टिकतो, पण कायमचा नाही. युरोपात हे न्यू-फिल नावाने आधीच मिळत होतं. ऑगस्ट 2004 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते स्कल्प्ट्रा नावाने मंजूर केलं, तेही फक्त एचआयव्हीमुळे बसलेल्या गालांसाठी! सुरकुत्यांसाठीची परवानगी 2009 ची. म्हणजे आज रील्समध्ये दिसणारं हे 'ब्युटी' इंजेक्शन अमेरिकेत आधी उपचार म्हणून आलं. 2010 मध्ये मेडिकेअर या सरकारी विम्याने याचा खर्च देणं मान्य केलं. अट एकच, या चेहऱ्यामुळे पेशंटला डिप्रेशन आलेलं हवं.

आणि आपल्याकडे? 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा वर्षभराचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला. परदेशी कंपन्यांचा दर तेव्हा दहा हजार डॉलरच्या वर होता. पण त्या स्वस्त कोर्समध्ये स्टॅव्ह्युडीन होतं. एप्रिल 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत औषधं सुरू झाली, त्यातही ते होतं. त्याने असंख्य जीव वाचवले, हेही तितकंच खरं. शेवटी 2009 मध्ये डब्ल्यूएचओने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. आजच्या औषधांनी गाल असे बसत नाहीत. मात्र गेलेली चरबी औषध बदलल्यावर फार हळू आणि अर्धवटच परत येते.

म्हणून 'फिलर म्हणजे नुसता नखरा' असं कुणी म्हणालं, तर ही गोष्ट सांगा. काही जणांना सुंदर दिसायचंच नव्हतं. त्यांना फक्त गर्दीत कुणाच्या नजरेत न येता चालायचं होतं.

भेटू पुढच्या एपिसोडला!