दिनविशेष : २ नोव्हेंबर – मॉरिशसचा आप्रवासी घाट

कलकत्त्याहून निघालेले ‘ॲटलास’ जहाज १८३४ साली आजच्या दिवशी मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात पोहोचले. उसाच्या मळ्यांसाठी आणलेले ३६ गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर त्यावर होते. १९२० पर्यंत जवळपास पाच लाख भारतीय मजूर या बेटावर उतरले. त्यांत बहुसंख्य आजच्या बिहार-उत्तर प्रदेशातले. भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणारे कितीतरी हात याच मुलखातून आलेले आहेत, म्हणून आपल्या शहराला हा दिवस माहीत असायला हवा. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसेही होती.

मजुरांच्या नोंदणीसाठी ब्रिटिश सरकारने १८४९ पासून बंदरावर आगार उभारले; तोच हा आप्रवासी घाट. त्यातला दगडी जिना, पहारेकऱ्याची कचेरी, दवाखाना आणि स्वयंपाकघराचे अवशेष असा काही भागच आता उरला आहे. जवळचे फ्रेंच अमदानीतले गव्हर्नमेंट हाउस दिसायला भव्य. पण या देशाची खरी ओळख या साध्या दगडी खोल्यांतच होते. युनेस्कोने २००६ मध्ये घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. २ नोव्हेंबरला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, आणि गणेश चतुर्थीलाही.